कर्नलचे पाय

आमच्या घरातल्या स्टीलच्या वाट्यांपैकी एकही विकत आणलेली नाही. सगळ्या मी मिळवलेल्या आहेत. प्रत्येकीच्या पोटावर टिंबाटिंबांनी कोरलंय, ‘मराठी मंडळ, चिक्कडपल्ली. उत्तेजनार्थ.’ पाहुण्याला वरण वाढलं की तो ते वाचतो आणि मग जरा जपून जेवतो.

याचं कारण कुसुमताई. त्या मंडळाच्या अध्यक्षा. फार पूर्वी मंडळात पहिल्या नंबरावरून दोन घरांत अशी बोलाचाली झाली, की पुढे एका लग्नात त्यांच्या पंगती वेगळ्या बसवाव्या लागल्या म्हणे. तेव्हापासून ताईंनी नंबर काढणंच बंद केलं. पहिला नाही, दुसरा नाही, जो येईल त्याला उत्तेजनार्थ. मला रंगभरणाला मिळालं, श्लोकपठणाला मिळालं आणि लिंबू-चमच्याच्या शर्यतीलाही मिळालं, जिच्यात मी लिंबू घरी विसरलो होतो.

मुद्दा असा की, मी चोवीस वर्षांचा होईपर्यंत ‘हे तुला जमलेलं नाही’ असं मला कोणीही, कशाबद्दलही म्हटलेलं नव्हतं.

मी शिवराज. हैदराबादेत काचीगुड्याला आईबाबांबरोबर राहतो. दिवसभर एका कंपनीच्या चॅटवर गिऱ्हाइकांची माफी मागतो, त्याचा पगार मिळतो. संध्याकाळी कर्नल काढतो, त्याचे पैसे मिळत नाहीत, म्हणून त्याला छंद म्हणायचं.

कर्नल म्हणजे ‘कर्नल उडुमू’. तेलुगूत उडुमू म्हणजे घोरपड. इथल्याच एका छोट्या स्टुडिओची कार्टून मालिका आहे, नेटवर येते. लष्करातून निवृत्त झालेली एक घोरपड शनीच्या कड्यावरच्या अपार्टमेंटात सिक्युरिटी इन्चार्ज म्हणून लागते. पाण्याचा टँकर येत नाही, लिफ्ट अडकते, सातव्या मजल्यावरचे परग्रहवासी मेन्टेनन्स बुडवतात, आणि कर्नल मिशीला तेल लावून सगळं निस्तरतो. बाबांनी एकदा माझ्या मागे उभं राहून पाहिलं आणि विचारलं, “घोरपडीला मिशी कशी?” तेवढंच. शनीवर घोरपड कशी, हे त्यांना पटलेलं दिसलं.

मालिकेच्या चाहत्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. कोणीही यावं, आपला कर्नल काढून टाकावा. खाली लोक लिहितात, ‘किर्राक’, ‘सूपर अन्ना’, ‘क्या निकाला बावा’. मलाही लिहायचे. माझा कर्नल होताच तसा. डोळे असे की समोरच्याने न सांगता गेटवरच्या वहीत सही करावी. गळ्याखालची लोंबती कातडी, मिशीचं टोक, टोपीखालून दिसणारा थकवा, सगळं.

फक्त मला पाय येत नाहीत.

हे कोणाला माहीत नव्हतं, कारण माझा कर्नल नेहमी कशात तरी उभा असायचा. गवतात. हुसेनसागरात. धुक्यात. दसऱ्याला झेंडूच्या ढिगात. एकदा तर गुडघ्यापर्यंत दम बिर्याणीत, आणि ते चित्र सगळ्यात जास्त चाललं. लोकांनी विचारलं, मटण की चिकन? पायांचं कोणी काढलं नाही.

मग त्या बिर्याणीखाली एक कमेंट आली. मराठीत.

‘पाय?’

लिहिणाऱ्याचं नाव होतं ‘तळटीप’. फोटो नाही, माहिती नाही. ग्रुपवर सगळे तेलुगू, दख्खनी आणि मोडक्या इंग्रजीत लिहायचे. माझ्या चित्राला मराठी मथळा असायचा खरा, पण तो वाचणारं तिथे कोणी असेल असं मला वाटलं नव्हतं. मी एक हसरा चेहरा टाकून दिला.

पुढचं चित्र टाकलं, कर्नल धुक्यात. तळटीप: ‘पाय?’

त्यापुढचं, कर्नल टँकरच्या मागे. तळटीप: ‘पाय? परत.’

मला राग यायला हवा होता. पण रागाची सवयच नव्हती, त्यामुळे कुतूहल आलं. म्हणजे असं, की घरात एक खोली आहे, ती आपण कधी उघडत नाही, पाहुण्यांना तिच्यावरून गप्पा मारत पुढे नेतो, आणि रस्त्यावरून जाणारा एक माणूस मान वर करून विचारतो, त्या खोलीत काय आहे हो? त्याला कसं कळलं खोली आहे ते?

त्याच सुमारास स्टुडिओने जाहीर केलं की नवीन सीझनच्या शेवटच्या भागात, नावं सरकतात तेव्हा, चाहत्यांची काही चित्रं दाखवणार. खाली ज्याचं त्याचं नाव. अट एकच. कर्नल मिशीपासून नखापर्यंत पूर्ण हवा, सपाट जमिनीवर उभा. गवत, पाणी, धूर चालणार नाही. अट तळटीपनेच जाऊन घातली की काय असं मला वाटलं.

आणि मला ते हवं होतं. फार हवं होतं. माझ्या कर्तृत्वाच्या सगळ्या वाट्यांवर मंडळाचं नाव आहे, माझं एकीवरही नाही. एकदा पडद्यावर ‘शिवराज’ असं सरकत वर जावं आणि ते उत्तेजनार्थ नसावं, एवढंच.

मी पाय काढायला बसलो. पहिले पाय हातमोज्यांसारखे आले. दुसरे कणसांसारखे. तिसऱ्यांना मी हात समजून त्यांत छत्री दिली. शेवटी नाद सोडला आणि दिवाळी जवळ आली होती म्हणून नुसता छातीपर्यंतचा कर्नल काढला. भोवती झेंडूच्या माळांची चौकट, खाली दोन पणत्या. मथळा, ‘कर्नल घोरपड.’ आणि टाकून दिला.

या वेळी तळटीपने मोठं लिहिलं.

‘घोरपड आहे. गड चढायच्या तिच्या गोष्टी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात त्या तिच्या पकडीमुळे, मिशीमुळे नाही. तुम्ही तिला कधी गवतात उभी करता, कधी भातात. आता तर अर्धीच केलीत. तुम्हाला पाय येत नाहीत आणि तुम्ही ते लपवता, हे उघड आहे. वरचं मात्र’

इथे संपलं. पूर्णविराम नाही, काही नाही. बोट चुकून बटणावर पडलं असावं, कारण खाली लगेच ‘लिहीत आहे’ असं दिसायला लागलं. मी त्यावर डोळे लावून बसलो.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि तिने माझ्या खांद्यावरून वाचलं.

“हा कोण मेला?”

“माहीत नाही. थांब, लिहितोय तो.”

“अजून लिहितोय? माझ्या पोराला पाय येत नाहीत म्हणतो? आठव्या महिन्यात घरभर फिरत होतास तू!”

“माझे नाही गं. घोरपडीचे.”

“तेच ते,” आई म्हणाली आणि आपला फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिथून तिने मंडळाच्या महिलांच्या ग्रुपवर नेमका काय निरोप पाठवला ते मला अजून माहीत नाही. त्यात ‘शिवाचं चित्र’, ‘कोणीतरी वाईट बोलतंय’ आणि ‘दोन चांगले शब्द लिहा’ एवढं असावं. सोबत चित्र आणि चाहत्यांच्या ग्रुपची लिंक.

आता चित्र कसलं, तर चौकट, झेंडूच्या माळा, पणत्या, मधोमध गंभीर चेहरा आणि खाली ‘कर्नल घोरपड’.

पहिली दोन-तीन ‘खूप छान’ आली. ‘अशीच प्रगती करत राहा’ आलं. मग कोणीतरी चष्मा न लावता उघडलं असावं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ त्यानंतर थांबेचनात. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ ‘देव घरच्यांना बळ देवो.’ ‘करारी चेहरा होता.’ ‘घोरपडे म्हणजे मुधोळकडचे का?’ नामदेवराव म्हणून मंडळाचे जुने खजिनदार आहेत, त्यांच्यापर्यंतही निरोप पोचला; त्यांनी लिहिलं, ‘मागच्या संक्रांतीला भेट झाली होती. तब्येत ठणठणीत वाटली.’

आणि मग कुसुमताई थेट तळटीपवर गेल्या.

‘आपण कोण? गेलेल्या माणसाच्या पायांवर बोलता? घरी वडीलधारं कोणी नाही का?’

तळटीप: ‘मॅडम, ती घोरपड आहे.’

कुसुमताई: ‘कोणाच्या रूपावर जाऊ नये.’

तळटीप: ‘मी रूपावर नाही, शरीररचनेवर बोलत होतो.’

कुसुमताई: ‘मराठी चांगलं आहे तुमचं. हैदराबादेत कुठे असता? मूळचे कुठले?’

कुसुमताईंना उत्तर न देणं आजवर कोणालाच जमलेलं नाही. तळटीप: ‘कोंडापूर. मूळ पुणे.’

कुसुमताई: ‘इतक्या लांब? मंडळाचे सभासद आहात का? फोन नंबर द्या.’

तळटीपने तोही दिला. हे मंडळाचं तंत्र आहे. या शहरात मराठी माणूस सापडला की आधी तो नोंदवायचा, भांडण मागाहून. कोंडापूर आणि चिक्कडपल्ली यांत तसं एक अख्खं शहर आहे, पण ताईंच्या दृष्टीने मधे काही नाही.

मी पान रिफ्रेश केलं. तळटीपच्या सगळ्या कमेंटी गायब. ‘पाय?’ गेलं, ‘परत’ गेलं, ‘वरचं मात्र’ही गेलं. ग्रुपवरच्या बाकीच्या पोरांना मराठी येत नाही. त्यांनी एवढंच पाहिलं की एका चित्राखाली तीच दोन शब्दांची कमेंट थरावर थर साठली आहे, म्हणजे हा कौतुकाचा काहीतरी मोठा प्रकार असणार. दुसऱ्या दिवशी वरंगळच्या एका मुलाने आपला कर्नल टाकला. खाली पहिलीच कमेंट, ‘भावपूर्ण श्रद्धांजली अन्ना!!’ त्याने बदामाचं चिन्ह टाकून आभार मानले.

माझ्या डोक्यात मात्र ‘मात्र’ अडकलं.

वरचं मात्र काय? आईला विचारलं. “वरचं मात्र खूप छान, दुसरं काय असणार.” बाबा पेपरामागून म्हणाले, “वरचं मात्र त्याहून वाईट.” बाबांनी माझ्या कलेवर दिलेलं हे पहिलं मत, आणि तेही दुसऱ्याचं वाक्य पुरं करायला. मी शंभर प्रकारे ते वाक्य संपवून पाहिलं. वरचं मात्र बरं. वरचं मात्र उगीच. वरचं मात्र चोरलेलं वाटतं. ऑफिसात एका गिऱ्हाइकाची माफी मागताना ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व, मात्र’ एवढं लिहून मी कुठेतरी बघत बसलो. गिऱ्हाईक बराच वेळ थांबलं. मग त्यानेच माझी माफी मागितली आणि निघून गेलं.

गंमत अशी की, इतकी वर्षं इतक्या लोकांनी इतकं ‘खूप छान’ म्हटलं, पण त्यातल्या एकाही वाक्याचं शेपूट ऐकायची मला कधी उत्सुकता वाटली नव्हती. आणि या माणसाने चार वेळा पाय काढले माझे, त्याचं अर्धं वाक्य मला झोपू देईना. मी त्याला वेगळा निरोप पाठवला, सॉरी म्हटलं, मंडळाच्या वतीने, घोरपडे कुटुंबीयांच्या वतीनेही. उत्तर नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी मंडळाची चित्रकला स्पर्धा असते. लहान गट, मोठा गट आणि एक खुला गट, ज्यात मी एकटा असतो. कुसुमताईंचा फोन आला.

“शिवा, बाळा, येतोस ना? या वेळी परीक्षक बाहेरचे आणलेत. कोंडापूरचे.”

“कोंडापूरचे कोण?”

“ते रे, घोरपड्यांच्या दुःखात भेटलेले.”

मी चिक्कडपल्लीच्या हॉलवर जवळजवळ पळत गेलो.

परीक्षक दारातच दिसले. पंचेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, रविवार असूनही खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. कुसुमताई त्यांना दंडाला धरून फिरवत होत्या. “हे हर्षद लिमये. आयटीत मॅनेजर आहेत. तीन वेळा फोन केला, तेव्हा आले.” त्यांचा चेहरा असा होता, की चौथा फोन येऊ नये म्हणून माणूस कुठेही यायला तयार होतो.

मुलं सतरंज्यांवर बसून चित्रं काढत होती. लिमये हातात पेन्सिल घेऊन प्रत्येकाशी थांबत होते. ईशा नावाच्या एका मुलीने दोन डोंगर आणि मधे सूर्य काढला होता.

“सूर्य मधे आहे,” लिमये म्हणाले, “मग झाडांच्या सावल्या दोन्ही बाजूंना कशा?”

ईशाने वर पाहिलं. “दोन सूर्य आहेत. दुसरा कागदाच्या बाहेर आहे.”

त्यांनी विचार केला. खरंच केला. कागदाच्या बाहेर, सतरंजीवर बघून केला. “मग बरोबर आहे,” ते म्हणाले आणि पुढे गेले.

कुसुमताई मागून दबक्या आवाजात, म्हणजे हॉलभर ऐकू जाईल अशा, म्हणाल्या, “लिमये, आपल्याकडे सगळं छानच असतं हां.”

“मग परीक्षक कशाला?”

“वाट्या द्यायला.”

चहाच्या टेबलाशी मी त्यांना गाठलं. ते उस्मानिया बिस्कीट चहात बुडवत होते.

“तुम्ही तळटीप,” मी म्हटलं.

बिस्कीट चहात पडलं. त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुम्ही बिर्याणी?”

“हौ.”

आम्ही दोघं कपात विरघळणाऱ्या बिस्किटाकडे बघत राहिलो.

“ऑफिसात कोणाला माहीत नाही,” ते म्हणाले. “माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत. कर्नल उडुमू बघतो म्हटलं तर…”

“नाही सांगणार. फक्त ‘वरचं मात्र’च्या पुढचं सांगा.”

“आधी पाय काढा.”

“आधी सांगा.”

“आता आठवत नाही,” ते म्हणाले. मॅनेजर माणूस, पण खोटं बोलायला कच्चा. कान लाल झाले.

मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी खिशातून फोन काढला, काहीतरी शोधलं आणि माझ्यासमोर धरला. “हे बघा. मी काढलेले.”

पाय होते. कर्नलचे. पाचही बोटं, लांब वाकडी नखं, घोट्याशी खवल्यांच्या सुरकुत्या. त्यांनी बोटाने चित्रं सरकवली. लिफ्टच्या उंबऱ्यावरचे पाय. टँकरच्या शिडीला धरलेले पाय. दुखऱ्या टाचेवर भार न देता उभे राहिलेले पाय. इतके खरे, की मला मान जरा मागे घ्यावीशी वाटली. आणि प्रत्येक चित्रात घोट्याच्या वर कोरा कागद.

“वरचं कुठेय?”

“वरचं नाही.”

“का?”

“शाळेत असताना मी एक घोडेस्वार काढला होता,” ते म्हणाले. “बाबांना नेऊन दाखवला. बाबा इंजिनिअर. ते म्हणाले, पाय चुकलेत. आधी पाय नीट कर, मग वर जा.”

“मग?”

“मग पाय नीट करतोय.”

“अजून?”

“आता जवळपास आलेत,” लिमये म्हणाले.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, “खूप छान.” इतक्या वाट्यांमध्ये जेवलेला माणूस दुसरं काय म्हणणार.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्याने काम न करता ‘काम झालं’ म्हणून ईमेल पाठवावा. “काय छान?”

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मीही कोणाला विचारला नव्हता. काय छान? मी फोन हातात घेतला आणि पहिल्यांदा, नुसतं न पाहता, बघायला लागलो. बराच वेळ लागला. मागे कोणीतरी ‘वेळ संपत आली’ म्हणून ओरडत होतं.

“हे नख,” मी म्हटलं. “उजव्या पायाचं, मधलं. तुटलंय. लिफ्टच्या भागात तो नखांनी दार उघडतो तेव्हा तुटतं. पुढच्या भागांत स्टुडिओवाले विसरले, त्यांनी परत अख्खं काढलंय. तुम्ही सगळीकडे तुटकं ठेवलंय.”

त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला, परत काढला.

“हे कोणाला दिसलं नव्हतं अजून,” ते म्हणाले.

“दाखवलंत कोणाला?”

“नाही.”

मी थांबलो. माफी मागायच्या नोकरीत एक शिकवलेलं आहे, समोरचा बोलणार असेल तर आपण टाइप करू नये.

“वरचं मात्र मला जमत नाही,” लिमये म्हणाले. “असं लिहायचं होतं. अर्धं चुकून गेलं. उरलेलं लिहायला घेतलं तर तुमची माणसं श्रद्धांजली घेऊन आली.”

शंभर शेपटं लावून पाहिली होती मी त्या वाक्याला. त्यांत हे नव्हतं.

“म्हणजे माझं वरचं चांगलं आहे की वाईट?”

“आत्ता सांगितलं ना.”

“सांगितलं?”

“तुमच्या कर्नलचे डोळे मी ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवले आहेत,” ते एकदम चिडून म्हणाले. “तरी येत नाहीत. आणि तुम्ही त्याला भातात उभा करता! चला, चपला काढा.”

“का?”

“काढा.”

मी काढल्या. त्यांनीही बूट-मोजे काढले. “घोरपड उभी राहते तेव्हा भार बाहेरच्या बोटांवर असतो. असं. बोटं रोवा. रोवा म्हणजे फरशी धरा.” आम्ही दोघं हॉलच्या मध्यभागी अनवाणी, फरशी धरून, आपापल्या पायांकडे बघत उभे राहिलो. कुसुमताई लगबगीने आल्या.

“काय लागलं? काच आहे का?”

“नाही ताई, भार बघतोय,” मी म्हटलं.

“बघा, बघा,” ताई म्हणाल्या. “खूप छान.”

मी खुल्या गटाचा कागद घेतला आणि बसलो. आधी आडवी रेघ मारली, सपाट जमीन. गवत नाही, धूर नाही. तिच्यावर पाय काढले. मग बाकीचा कर्नल वर बांधत नेला. आजवर मी टोपीपासून सुरुवात करून गुडघ्याशी पळून जायचो, या वेळी उलटं. लिमये मागे उभे होते. एकदा फक्त म्हणाले, “चौथं बोट.”

झाल्यावर आम्ही दोघांनी लांब धरून पाहिलं. वर माझा नेहमीचा कर्नल होता. खाली आल्याचे दोन गड्डे होते.

“चुकलेत,” लिमये म्हणाले.

“हौ.”

“पण आहेत.”

परीक्षकाचा निकाल लागला, म्हणजे सगळ्यांना वाट्या मिळाल्या. ईशाने दोन मागितल्या, दोन सूर्यांच्या. एक वाटी उरली. कुसुमताईंना काही उरलेलं आवडत नाही. त्यांनी ती लिमयांच्या हातात दिली. “परीक्षकालाही उत्तेजन.” लिमयांनी पोटावरची अक्षरं वाचली, मग वाटी उलटी करून तळ पाहिला, तिथे काही लिहिलंय का ते. नव्हतं. त्यांनी ती रुमालात गुंडाळून लॅपटॉपच्या बॅगेत ठेवली.

घरी येऊन मी आल्याच्या गड्ड्यांसकट चित्र स्टुडिओला पाठवलं आणि ग्रुपवरही टाकलं. मंडळ: ‘खूप छान’. बाकीची पोरं: ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. तळटीप, परत आलेला: ‘पाय चुकलेत. डावा जास्त.’ मी बसून डावा परत काढला. तो नुसता चुकला, जास्त नाही.

नवीन सीझनचा शेवटचा भाग आला त्या दुपारी लिमये आमच्याकडे जेवायला होते. आईनेच बोलावलं. तळटीप तो हाच, हे मी तिला सांगितलं होतं. तिने जरा विचार करून विचारलं, “एकटेच असतात का रे? जेवणाचं काय करतात?” तिथे भांडण संपलं. वरण वाढल्यावर लिमये वाटी फिरवून वाचत होते आणि ओळखीचं कोणी भेटल्यासारखे बघत होते.

भाग संपला. नावं सरकायला लागली. चाहत्यांची चित्रं एकेक करून यायला लागली, आणि मधेच माझा कर्नल आला. डोळे, मिशी, टोपी, खाली ‘शिवराज, काचीगुडा’. आईने किंचाळून बाबांचा पेपर ओढला.

पडदा आडवा असतो. कर्नल उभा. बसवताना त्यांनी चित्र गुडघ्याशी कापलं होतं.

चित्र गेलं, दुसऱ्याचं आलं.

“पाय?” लिमये म्हणाले. तोंडातला घास तसाच. “पाय कुठेत?” त्यांनी फोन काढला आणि स्टुडिओच्या भागाखाली भराभरा लिहिलं. मी वाकून पाहिलं. ‘पाय?’ एवढंच होतं. खाली लगेच वरंगळच्या त्या मुलाने त्याला बदाम दिला.

“नाव तर आलं,” बाबा म्हणाले. “आणि घोरपडीच्या मिशीचं काय ते अजून कोणी सांगितलं नाही.”

मला वाटलं होतं मला वाईट वाटेल. पण मी लिमयांकडे बघत होतो. माझ्यापेक्षा तेच जास्त संतापले होते, माझ्या आल्याच्या गड्ड्यांसाठी. त्यांनी फोन ठेवला, हात धुतले, आणि बॅगेतून घडी घातलेला कागद काढून ताटाच्या बाजूला, माझ्याकडे तोंड करून ठेवला.

“मी वर गेलो,” ते म्हणाले.

कागदावर पूर्ण कर्नल होता. खाली ते पाय, तुटक्या नखाचे, जमीन धरून उभे. मग हळूहळू, जसजसं वर जावं तसतसा तो कर्नल बिचकत गेला होता. कमरेशी खोडाखोड. खांदे एक वर, एक खाली. आणि चेहरा. एक डोळा पणतीएवढा, दुसरा बटणाएवढा, दोन्ही वेगवेगळ्या गावांना निघालेले. मिशी कानापासून सुरू होत होती. एकूण तोंडवळा, मी शपथेवर सांगतो, कुसुमताईंचा होता.

आईने बघितलं आणि तोंड उघडलं. तिच्या तोंडात कोणते दोन शब्द आहेत ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी हात वर केला. ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदा थांबली.

लिमये टेबलाची कड घट्ट धरून बसले होते, बोटं रोवून.

“काय?” त्यांनी विचारलं.

“वरण गार होतंय रे,” आई म्हणाली.

मी कागद उजेडाकडे वळवला. त्या लहान डोळ्याच्या कोपऱ्यात, खोडाखोडीच्या खाली, काहीतरी होतं.

“थांबा सर,” मी म्हटलं. “बघतोय.”